आधी घंटा, मग मनोरा



‘लाकडी बांधकाम ते कच्चे, सिमेंट-लोखंडाचे ते पक्के’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते इतके अंगवळणी पडले आहे की, त्याला पुरावा मागावा असे कोणालाच वाटत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र तो मागितला पाहिजे. या लेखात मी त्या समजुतीच्या विरुद्ध बाजू घेणार आहे आणि साक्षीला बोलावणार आहे युरोपातल्या चर्चचे लाकडी घंटाघर.

तुम्ही विचाराल, घंटाघरच का? त्याचे कारण असे की, घरावरचे किंवा गोदामावरचे ओझे बहुतेक वेळ मुकाट्याने पडून असते. घंटाघराच्या डोक्यावरचे ओझे मात्र नाचते. ज्या इमारतीच्या माथ्यावर टनभर वजन तालात झुलते, तिची परीक्षा नुसत्या भार पेलणाऱ्या इमारतीपेक्षा कितीतरी कडक असते. अशा परीक्षेत लाकूड उत्तीर्ण होत असेल, तर त्याला कच्चे म्हणण्यापूर्वी आपण थांबून विचार केला पाहिजे.

टांगलेली घंटा आणि झुलणारी घंटा

आपल्या देवळात घंटा वर टांगलेली असते. भाविक हात उंचावून आतला लोळा, म्हणजे आत लोंबणारा दांडा, घंटेच्या कडेवर आपटतो. घंटा जागच्या जागीच राहते. १७३९ साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतून आलेल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चर्चच्या घंटा आजही वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात पाहायला मिळतात. त्याही आता अशाच स्थिर टांगलेल्या आहेत. रशियातल्या चर्चमध्येही घंटा स्थिर ठेवून दोरीने लोळा ओढण्याचीच रीत आहे.

मध्य युरोपात आणि स्कँडिनेव्हियात मात्र बहुतेक ठिकाणी अख्खी घंटाच झुलवतात. घंटा एका आडव्या दांड्याला जखडलेली असते आणि तो दांडा दोन टोकांवर फिरतो. पूर्वी दोरी ओढून आणि आता विजेच्या मोटरने घंटेला हेलकावे देतात. आतला लोळा स्वतःच्या गतीने येऊन घंटेवर आपटतो आणि लगेच मागे सरतो. त्यामुळे नाद मोकळा उमटतो आणि घंटेचे तोंड इकडेतिकडे फिरत असल्यामुळे तो चहूकडे पसरतो. या नादाची किंमत मनोऱ्याला मोजावी लागते. ती किती, हे अकरावीचा विद्यार्थीही काढू शकतो.

वजनाचा हिशेब

आपली घंटा १ टन वजनाची आहे आणि ती दोन्ही बाजूंना ६० अंशांपर्यंत झुलते असे धरू. सोपेपणासाठी सगळे वस्तुमान एका बिंदूत एकवटले आहे असे माना. ६० अंशांवरून तळाशी येताना घंटा लंबकाच्या लांबीच्या निम्म्याइतकी खाली उतरते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम लावला की, तळाशी तिच्या वेगाचा वर्ग गुरुत्वत्वरण गुणिले लांबी इतका येतो. याचा अर्थ तिला गोल मार्गावर ठेवण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल तिच्या वजनाइतकेच असते. स्वतःचे वजन आणि हे बल मिळून आधारावर २ टनांचा भार पडतो. वजनकाट्यावर १ टन भरणारी घंटा मनोऱ्याला प्रत्येक फेरीत दोनदा २ टनांची वाटते! खऱ्या घंटेचे वस्तुमान पसरलेले असल्यामुळे हा आकडा थोडा कमी भरतो, पण तर्क तोच राहतो.

तरीही खालच्या दिशेचा भार ही मुख्य काळजी नव्हे. चार खांब २ टन सहज पेलतात. खरी काळजी बाजूच्या धक्क्याची असते. त्याच गणिताने काढले, तर घंटा सुमारे ३७ अंशांवर असताना हा धक्का सर्वांत मोठा, म्हणजे वजनाच्या सुमारे ०.८४ पट असतो. म्हणजे मनोऱ्याच्या माथ्याला कोणीतरी ८४० किलोग्रॅम वजनाइतक्या बळाने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ढकलत राहते.

आता एक बारकावा लक्षात घ्या. घंटा मध्यावर असताना बाजूचा धक्का शून्य असतो. ती ३७ अंशांवर पोचते तेव्हा तो ०.८४ होतो. ६० अंशांवर ती क्षणभर थांबते तेव्हा तो ०.४३ इतका उतरतो आणि परतताना पुन्हा ०.८४ पर्यंत चढतो. म्हणजे प्रत्येक बाजूला धक्क्याचे एक नव्हे, दोन उंचवटे येतात. फूरिये या फ्रेंच गणितज्ञाच्या रीतीने या धक्क्याची फोड केली, तर त्यात दोन मुख्य भाग सापडतात. पहिला भाग घंटेच्या तालात असतो आणि दुसरा तिच्या तिप्पट तालात. आपल्या घंटेसाठी पहिला भाग वजनाच्या सुमारे आठ-दशांश आणि तिप्पट तालाचा भाग सुमारे चार-दशांश भरतो. पाचपट तालाचाही एक लहान भाग असतो. हेलकावा ९० अंशांपर्यंत नेला, तर तिप्पट तालाचा भाग पहिल्यापेक्षाही मोठा होतो.

खरा शत्रू कोण?

एवढ्या आकाराची घंटा मिनिटाला साधारण ३० पूर्ण हेलकावे घेते, म्हणजे तिची कंप्रता ०.५ हर्ट्‌झ. तिप्पट तालाचा धक्का १.५ हर्ट्‌झचा आणि पाचपट तालाचा २.५ हर्ट्‌झचा. दुसरीकडे, प्रत्येक मनोऱ्यालाही स्वतःची एक नैसर्गिक कंप्रता असते. त्याला ढकलून सोडले की तो त्या तालात डोलतो. घंटाघरांची ही कंप्रता पुष्कळदा १ ते ३ हर्ट्‌झच्या दरम्यान येते. म्हणजे नेमकी घंटेच्या धक्क्यांच्या टापूत!

मनोऱ्याची कंप्रता नेमकी १.५ हर्ट्‌झ निघाली तर काय होईल? झोपाळ्यावरच्या मुलाला प्रत्येक झोक्याला बरोबर वेळेवर ढकलत राहिल्यावर जे होते तेच. यालाच आपण संस्पंदन म्हणतो. डोलण्याला आवर घालणारे अवमंदन जर १ टक्का असेल, तर मिनिटभरात डोल ५० पट वाढतो. तिप्पट तालाचा ३९० किलोग्रॅमचा धक्का मग सुमारे साडेएकोणीस टनांच्या स्थिर रेट्याइतके काम करतो. हीच कंप्रता २ हर्ट्‌झ असेल, तर वाढ जेमतेम सव्वादोन पट होते आणि तोच धक्का ९०० किलोग्रॅमच्या आसपास राहतो. घंटा तीच आणि तिचे हेलकावेही तेच. मनोऱ्याच्या तालात थोडा फरक पडला आणि परिणामात वीसपटीहून अधिक अंतर पडले.

माझ्या लेखाचा गाभा इथे आहे. घंटाघराची सुरक्षितता ‘किती मजबूत’ यापेक्षा ‘कोणत्या तालाचे’ या प्रश्नावर अवलंबून असते. जर्मनीत घंटाघरांसाठी डीआयएन ४१७८ नावाचे स्वतंत्र मानक आहे, ते याचसाठी. युरोपात अशी घंटाघरे आहेत की, जिथे मनोरा हादरू लागल्यामुळे घंटा झुलवणे थांबवावे लागले. त्या मनोऱ्यांत दगड किंवा सिमेंट कमी पडले म्हणून हे झाले असे नव्हे. ताल जुळू नयेत, तेथे ते जुळले.

मग लाकूड कुठे उभे राहते?

मनोऱ्याची कंप्रता त्याचा ताठपणा आणि त्याचे वस्तुमान यांच्या गुणोत्तरावर ठरते. म्हणून साहित्याची तुलना करायची तर नुसता ताठपणा पाहून चालणार नाही. तो घनतेने भागून पाहिला पाहिजे. पोलादाचा यंगचा गुणांक २१० गिगापास्कल आणि घनता दर घनमीटरला ७,८५० किलोग्रॅम. स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाचा गुणांक तंतूंच्या दिशेने सुमारे ११ गिगापास्कल आणि घनता सुमारे ४५० किलोग्रॅम. वहीवर भागाकार करा. पोलादासाठी उत्तर येते सुमारे २.७ कोटी, स्प्रूससाठी सुमारे २.४ कोटी आणि साध्या काँक्रीटसाठी सुमारे सव्वा कोटी, सगळी एकाच एककात. किलोमागे किती ताठपणा मिळतो या कसोटीवर लाकूड पोलादाच्या खांद्याला खांदा लावून उभे आहे आणि काँक्रीटच्या बरेच पुढे!

शिवाय बोल्ट आणि खिळ्यांनी जोडलेल्या लाकडी सांगाड्यात सांध्यांमधल्या घर्षणाने ऊर्जा जिरते, म्हणून त्याचे अवमंदन वेल्डिंग केलेल्या पोलादापेक्षा सहसा जास्त असते. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत पुष्कळ चर्चमध्ये घंटा पोलादी सांगाड्यांवर बसवल्या गेल्या. नंतरच्या काळात त्यांतले अनेक सांगाडे काढून पुन्हा ओकच्या लाकडाचे बसवण्यात आले. याला कोणी जुन्याचे वेड म्हणेल, पण पोलादाऐवजी लाकूड घेण्यामागे अनुभव होता.

लाकूड उंच जाऊ शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी पोलंडमधल्या ग्लिवित्से गावचा रेडिओचा मनोरा पाहावा. लार्च वृक्षाच्या लाकडाचा, पितळी बोल्टांनी जोडलेला हा मनोरा सुमारे १११ मीटर उंच असून १९३५ सालापासून उभा आहे. स्वीडनमधल्या किरूना गावचे १९१२ सालचे लाकडी चर्च २०२५ च्या ऑगस्टमध्ये एकसंध उचलून सुमारे ५ किलोमीटर दूर नेण्यात आले, कारण खाणीमुळे गावाखालची जमीन खचत होती. त्याचे वजन सुमारे ६७२ टन भरले. तेवढ्याच आकाराची दगडी वास्तू अशी हलवायला निघा म्हणजे लाकडाच्या हलकेपणाचे मोल कळेल.

लाकडाचे दोष

वकिली करायची तर प्रामाणिकपणे करावी. लाकडाचा पहिला दोष हा की, ते सर्व दिशांना सारखे नाही. तंतूंना आडवा दाब दिला, तर त्याचा ताठपणा जवळजवळ तिसाव्या हिश्शावर येतो. म्हणून चांगला अभियंता बळ तंतूंच्या दिशेनेच वाहील असा सांगाडा रचतो आणि खांबावर तुळई आडवी चेपली जाणार नाही याची काळजी घेतो.

दुसरा दोष ओलाव्याचा. लाकडातला ओलावा १ टक्क्याने घटला की, ते आडव्या दिशेने सुमारे पाव टक्का आकसते. ४० सेंटीमीटर रुंदीची तुळई ४ टक्के सुकली, तर ४ मिलिमीटर अरुंद होते. बोल्ट तेवढेच सैल पडतात आणि सांध्यांचा ताठपणा घटतो. २ हर्ट्‌झचा आपला मनोरा एक-तृतीयांशाहून थोडा अधिक ताठपणा गमावून बसला, तर त्याची कंप्रता १.६ वर येते, म्हणजे थेट धोक्याच्या उंबरठ्यावर. म्हणून लाकडी घंटाघराचे बोल्ट वेळोवेळी आवळणे हे काम देखभालीच्या यादीच्या तळाशी टाकण्याजोगे नाही.

या दोषावर उपाय म्हणून आजचे अभियंते अखंड ओंडका वापरत नाहीत. जर्मनीतल्या वायमारच्या ओटो हेट्झर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी फळ्या एकमेकींवर चिकटवून तुळया करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. फळ्या आधीच सुमारे १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवतात, गाठी-भेगांचे तुकडे काढून टाकतात आणि मग सरसासारख्या पण पाण्याला दाद न देणाऱ्या गोंदाने चिकटवतात. १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनीत फळ्यांचे थर आळीपाळीने आडवे-उभे चिकटवून भिंतीएवढ्या पाट्या तयार होऊ लागल्या. त्यामुळे आकसण्याचा प्रश्नही पुष्कळ सौम्य झाला. अशाच साहित्यातून नॉर्वेत २०१९ साली म्योस्तोर्नेट ही ८५.४ मीटर उंचीची इमारत उभी राहिली. गंमत अशी की, वाऱ्याने तिचा डोल जाणवू नये म्हणून तिच्या वरच्या मजल्यांवर मुद्दाम काँक्रीटच्या लाद्या घातल्या आहेत. लाकडाचे तिथे काहीच चुकले नव्हते. हलकेपणाचा फायदा जसा मिळतो, तशी त्याची किंमतही मोजावी लागते, एवढेच.

तिसरी हरकत आगीची. लाकूड जळते, यात वाद नाही. पण जाड तुळई बाहेरून मिनिटाला सुमारे ०.७ मिलिमीटर या गतीने कोळसा होत जाते आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. अर्ध्या तासात प्रत्येक बाजूने सुमारे २ सेंटीमीटर लाकूड जाते, ते आधीच हिशेबात धरता येते. उघडे पोलाद मात्र ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास आपली निम्म्याहून अधिक ताकद गमावते.

मनोरा कसा रचावा?

समजा, आपण आराखडा काढला आणि चारखांबी लाकडी मनोऱ्याची कंप्रता १.६ हर्ट्‌झ निघाली. ती २ वर न्यायची आहे. कंप्रता ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताठपणा १.५६ पट करायला हवा. सामान्य माणूस म्हणेल, ‘खांब जाड करा.’ पण जाड खांबांबरोबर वजनही वाढते आणि वाढलेले वजन कंप्रता पुन्हा खाली ओढते. अभियंता वेगळे करतो. कैच्या पुरेशा ताठ असतील आणि पाया पक्का असेल, तर मनोऱ्याचा वाकण्यातला ताठपणा खांबांमधल्या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणून तो खांबांमधले अंतर ४ मीटरऐवजी ५ मीटर ठेवतो. सव्वापटीचा वर्ग १.५६! खांबांत एक फळीही न वाढवता काम झाले. कैच्या तेवढ्या थोड्या लांब झाल्या.

बाकीचे काम सुताराच्या शहाणपणाचे आहे. खांबांचे पाय जमिनीत न पुरता दगडी किंवा काँक्रीटच्या जोत्यावर, धातूच्या बैठकीत उचलून ठेवायचे. छप्पर पुढे काढायचे. भिंतींना तिरप्या झडपा ठेवायच्या, म्हणजे नाद बाहेर जाईल, पाऊस आत येणार नाही आणि भिजलेले लाकूड वाऱ्याने सुकेल. ओकच्या लाकडात टॅनिन असते, ते साध्या लोखंडाला खाते, म्हणून तिथे न गंजणाऱ्या पोलादाचे बोल्ट वापरायचे. फिनलंडमधल्या पेटायावेसीचे लाकडी चर्च १७६५ साली पुरे झाले आणि त्याला १८२१ साली लाकडी घंटाघर जोडले गेले. दोन्ही आज उभी आहेत. त्या सुतारांना हर्ट्‌झ हा शब्द माहीत असणे शक्यच नव्हते, पण लाकडात पाणी मुरू देऊ नये हे त्यांना पुरते माहीत होते.

एक शंका आणि माझे मत

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? घंटा स्थिर टांगा आणि विजेच्या हातोडीने वाजवा. किंवा त्याहून सोपे म्हणजे ध्वनिवर्धकावर रेकॉर्ड लावा. जुना मनोरा खरोखरच झोका सोसू शकत नसेल, तर घंटा स्थिर करून वाजवणे हा समंजस उपाय आहे. आपल्या देवळांतून तो शतकानुशतके चालत आला आहे. घंटेच्या दांड्याला बाक देऊन फिरण्याचा अक्ष तिच्या गुरुत्वमध्याजवळ आणला, तरी धक्के कमी होतात. मात्र लोळ्याची चाल बदलते आणि नादाला थोडा फटका बसतो. हे तडजोडीचे मार्ग जुन्या मनोऱ्यांसाठी ठीक आहेत.

नवा मनोरा बांधताना मात्र तडजोडीची पाळी येण्याचे कारणच नाही. आधी सुंदर मनोरा काढायचा आणि मागाहून त्यात मावेल ती घंटा बसवायची, हा क्रमच मुळात उलटा आहे. आधी घंटा ठरवा. तिचे वजन, तिचा ताल आणि तिचा झोका कागदावर मांडा. त्या आकड्यांना चुकवील असा मनोऱ्याचा ताल निवडा. मग साहित्य निवडा, आणि त्या निवडीत लाकडाचे नाव केवळ जुने वाटते म्हणून खोडू नका. मनोरा उभा राहिल्यावर त्याचा ताल प्रत्यक्ष मोजून पाहा. त्यासाठी लागणारा त्वरणमापक आज साध्या मोबाइल फोनमध्येही असतो.

याचा अर्थ उद्यापासून सगळीकडे लाकडीच मनोरे बांधा असा नाही. जिथे वाळवी आहे, धो धो पाऊस आहे आणि तोडलेल्या झाडाच्या जागी नवे झाड लावण्याची शिस्त नाही, तिथे हिशेबाचे उत्तर वेगळे येईल. येऊ द्या. उत्तर हिशेबातून आले पाहिजे, ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ या शब्दांतून नव्हे, एवढाच माझा आग्रह आहे.

आपल्या वर्गांत संस्पंदन शिकवताना पूल ओलांडणाऱ्या सैनिकांची गोष्ट सांगतात आणि पुढचे प्रकरण घेतात. सैनिकांनी पावले मोडली की गोष्ट संपते. तिथे विद्यार्थ्याला करण्यासारखे काही उरत नाही. घंटाघरात मात्र लंबक, ऊर्जा, अभिकेंद्री बल, स्थितिस्थापकता आणि संस्पंदन ही पाच प्रकरणे एका ठिकाणी भेटतात, आणि विद्यार्थ्याला शेवटी एक निर्णय घ्यावा लागतो : खांब ४ मीटरवर ठेवायचे की ५? माझ्या मते भौतिकीचे पुस्तक अशा प्रश्नाशी नेऊन सोडत असेल, तरच ते शिकवून झाले असे म्हणावे. वरचे सगळे आकडे वहीवर स्वतः पडताळून पाहा. घंटा २ टनांची घेतली आणि झोका ४५ अंशांचा ठेवला, तर काय बदलते आणि काय बदलत नाही, तेही काढा. हे उत्तर शेवटच्या पानावर छापलेले नाही; ते तुमचे तुम्हालाच शोधायचे आहे.